‘पाणी’, ‘जल’ आणि ‘जळ’ : ‘ब्रह्मचारी’तील जलक्रीडेचा भाषिक विचार

१

हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या बोलपटाचे नाव निघाले की बहुधा एकाच गोष्टीची आठवण काढली जाते. नायिका मीनाक्षी शिरोडकर हिने त्यात पोहण्याचा पोशाख घालून गाणे म्हटले, ही ती गोष्ट. कथा, संवाद आणि गीते लिहिणारे प्र. के. अत्रे, दिग्दर्शक व नायक मास्टर विनायक, संगीतकार दादा चांदेकर ही सारी नावे त्या एका पोशाखापुढे मागे पडतात. या चित्रपटावर विद्यार्थी जी टिपणे लिहून आणतात, त्यांतही दोनच विधाने फिरून फिरून आढळतात. पहिले असे की, मराठी पडद्यावरील तो एक धाडसाचा क्षण होता. दुसरे असे की, हे धाडस हॉलिवूडच्या पोहण्याच्या संगीतिकांवरून उचललेले होते. पहिले विधान खोटे नाही, पण अपुरे आहे; आणि दुसरे विधान ज्या रूपात केले जाते त्या रूपात कालक्रमाच्या पहिल्याच कसोटीवर गळून पडते.

प्रस्तुत टिपणाचा हेतू या गाण्याकडे पोशाखाच्या बाजूने न पाहता भाषेच्या बाजूने पाहण्याचा आहे. पोशाख नवा होता हे सर्वांनी पाहिले. त्या पोशाखातील स्त्री कोणत्या मराठीत बोलत होती, हे मात्र फारसे कोणी ऐकलेले दिसत नाही. औशासारख्या गावी, जेथे पाणी हा मुख्यतः टंचाईच्या संदर्भात उच्चारला जाणारा शब्द आहे, हा विषय शिकविताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते. पाण्यातील खेळाचे गाणे येथील विद्यार्थ्याला परके वाटते ते पोशाखामुळे नव्हे. ते ज्या शब्दात पाण्याचे नाव घेते, तो शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातला नाही.

२

प्रथम कालक्रम पाहू. पोहण्याची संगीतिका म्हणून जो प्रकार आपण ओळखतो, तो मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेने एस्थर विल्यम्स या अभिनेत्रीभोवती उभा केला. त्याचा खरा आरंभ ‘बेदिंग ब्यूटी’ (१९४४) या चित्रपटाने झाला. पुढे ‘नेपच्यून्स डॉटर’ (१९४९), ‘मिलियन डॉलर मरमेड’ (१९५२), ‘डेंजरस व्हेन वेट’ (१९५३) अशी मालिका चालली. ‘ब्रह्मचारी’ हा ‘बेदिंग ब्यूटी’च्या सहा वर्षे आधीचा आहे. तेव्हा या मालिकेचे अनुकरण त्यात असणे शक्यच नाही. याचा अर्थ पाश्चात्य चित्रपटांचा त्यावर काहीच संस्कार नव्हता असा मात्र नव्हे. बझ्बी बर्कली याने ‘फुटलाइट परेड’ (१९३३) मध्ये धबधब्याचे आणि कुंडातील नर्तिकांचे दृश्य रचले होते. आणि पोशाख तर उघडच पश्चिमेकडून आलेला होता. प्रश्न वस्तू कोठून आली हा नाही. ती येथे आल्यावर तिला कोणत्या आधारावर उभे राहता आले, हा आहे.

हॉलिवूडमध्ये हा आधार क्रीडेचा होता. एस्थर विल्यम्स ही मुळात स्पर्धेतील जलतरणपटू. १९३९ मध्ये तिने शंभर मीटर मुक्त शैलीत अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते, आणि १९४० चे ऑलिंपिक सामने महायुद्धामुळे रद्द झाले नसते तर ती तेथेच दिसली असती. पडद्यावरील तिच्या पोहण्याला कथेतही व्यवसायाचे अधिष्ठान मिळे. ‘बेदिंग ब्यूटी’त ती स्त्रियांच्या महाविद्यालयात पोहणे शिकविते, ‘नेपच्यून्स डॉटर’मध्ये पोहण्याचे पोशाख तयार करणाऱ्या व्यवसायात ती भागीदार आहे. पोहणे हे तिचे काम असल्यामुळे पोहण्याच्या वेषाचे वेगळे समर्थन करावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्याजोगी आहे. या चित्रपटांतील पाण्याचे मोठे प्रसंग बहुतांशी वाद्यवृंदावर चालतात. नायिका पाण्यात शिरली की शब्द काठावर राहतात. ‘नेपच्यून्स डॉटर’मधील ज्या गीताला त्या वर्षीचे ऑस्कर मिळाले, ते फ्रँक लोसर याचे आर्जवाचे द्वंद्वगीत पाण्यात नाही, ते घरात, कोरड्या जागी, बाहेर फार थंडी आहे अशी सबब सांगत गाइले जाते. तेच गीत दुसऱ्या एका जोडीच्या तोंडी उलटे फिरते, आणि तेथे स्त्री आर्जव करते व पुरुष निघू पाहतो. म्हणजे आर्जवाचे शब्द जमिनीवर आणि शरीराची क्रीडा पाण्यात, अशी तेथे वाटणी झालेली आहे. ‘ब्रह्मचारी’त ही वाटणी नाही. तेथे आर्जव आणि पाणी एकाच गाण्यात आहेत. म्हणून सारा भार भाषेवर पडतो.

भारतात १९३८ साली क्रीडेचा आधार उपलब्धही नव्हता. ऑलिंपिकच्या जलतरणात भारतीय स्त्रिया उतरल्या त्या १९५२ साली हेलसिंकी येथे. डॉली नाझीर आणि आरती साहा यांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. तत्पूर्वी चौदा वर्षे पोहण्याच्या वेषातील मराठी नायिकेला ‘ही खेळाडू आहे’ असे म्हणून प्रेक्षकांसमोर आणणे शक्य नव्हते. तिला दुसरीकडून परवाना मिळवावा लागला. तो तिला काव्यभाषेने दिला, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

३

चित्रपटाचे कथासूत्र थोडक्यात असे. औदुंबर हा एक सामान्य तरुण. ब्रह्मचर्यावरील एक व्याख्यान ऐकून तो भारावून जातो, जपून ठेवलेली चित्रतारकांची छायाचित्रे टाकून देतो आणि संयम व स्वावलंबन यांचे धडे देणाऱ्या एका संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी त्याच्या आयुष्यात येते आणि व्रत डळमळू लागते. ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकात अत्र्यांनी नमस्कारांच्या वेडापासून अनेक वेडांची जी थट्टा केली होती, तिचेच हे पडद्यावरील भावंड होय. थट्टा व्रताची नाही, व्रताच्या व्याख्यानबाजीची आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. औदुंबर जे व्रत घेतो ते मुळात एक भाषण ऐकून घेतलेले आहे. म्हणजे शब्दाने बांधलेले आहे. ते सुटते तेही शब्दानेच, आणि ते शब्द किशोरीच्या गाण्यातले आहेत.

चित्रपटाच्या नावाकडेही पाहावे. ‘बेदिंग ब्यूटी’ या चित्रपटाचे आधी योजलेले नाव ‘मिस्टर को-एड’ असे होते. स्त्रियांच्या महाविद्यालयात शिरलेला पुरुष हा त्याचा विषय. पण पोहणाऱ्या नायिकेचे आकर्षण ध्यानात येताच नाव पुरुषावरून स्त्रीकडे सरकले. मराठी चित्रपटाचे नाव मात्र पुरुषाच्या व्रतावर आहे आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. आज लोकांच्या आठवणीत तो किशोरीचा चित्रपट आहे, नावाने तो औदुंबराचा आहे. या विसंगतीकडे शेवटी पुन्हा वळावयाचे आहे.

४

आता गाण्याकडे येऊ. ते ‘यमुनाजळी खेळू खेळ’ या नावाने ओळखले जाते. या तीन शब्दांतच विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

मराठीत या द्रव्याला तीन नावे आहेत असे म्हणता येईल. ‘पाणी’ हा बोलीतला शब्द. पाणी भरतात, तापवितात, सोडतात, तोडतात; माणसाचे पाणी जोखतात, आणि एखाद्याला पाण्यात पाहतात. ‘जल’ हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द, आणि त्याची वस्ती मुख्यतः समासात आहे : जलसिंचन, जलसंधारण, जलतरण. शासन, वृत्तपत्र आणि पाठ्यपुस्तक यांचा तो शब्द आहे. ‘जळ’ हा तिसरा. मूळ तोच, पण ‘ल’चा ‘ळ’ होऊन मराठीच्या घरचा झालेला. तो अभंगात, ओवीत, गौळणीत आणि आरतीत भेटतो. व्यवहारात तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. कदाचित ‘जळणे’ या क्रियापदाशी होणारा गोंधळ हेही त्याचे एक कारण असेल. औशाच्या बाजारात कोणी ‘जळ’ मागत नाही, परंतु कीर्तनात तोच शब्द कोणालाही अडत नाही.

किशोरीच्या गाण्यात यांपैकी ‘जळ’ आहे. नव्या पोशाखातील स्त्री पाण्याला ‘पाणी’ म्हणाली असती तर प्रसंग उघडा पडला असता. ‘जल’ म्हणाली असती तर तो पाठ्यपुस्तकी झाला असता. ‘जळ’ म्हटल्याबरोबर ते पाणी यमुनेचे झाले, आणि यमुनेच्या पाण्यात खेळण्यास मराठी मनाची हरकत असण्याचे कारण नव्हते.

विभक्तीही तशीच बोलकी आहे. सप्तमीचा ‘ई’ हा प्रत्यय आजच्या बोलण्यात ‘घरी’, ‘दारी’, ‘गावी’ अशा मोजक्या शब्दांत उरला आहे. पाण्याच्या बाबतीत आपण ‘पाण्यात’ म्हणतो. ‘जळी’ हे रूप ‘जळी स्थळी काष्ठी पाषाणी’ यासारख्या ठरीव पदसमूहात टिकलेले, जुन्या काव्याचा वास असलेले रूप आहे. एकाच अक्षराने गाणे आपले ठिकाण सांगून टाकते : हे मुंबई-पुण्याचे पाणी नव्हे, पोथीतले आहे.

‘खेळू’ या क्रियापदाचे काम वेगळे आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनाचे हे रूप ‘आम्ही’ या कर्त्यासह आले तर भविष्याचे विधान होते, ‘आपण’ या कर्त्यासह आले तर ते आमंत्रण होते. श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीचे एक वैशिष्ट्य आहे. शेजारच्या तेलुगूतही तो आहे, आणि नांदेडकडील विद्यार्थ्यांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गाण्याच्या नावात कर्ता सांगितलेला नाही. पण प्रसंग असा आहे की ऐकणारा मनातल्या मनात ‘आपण’च घालतो. आमंत्रण स्त्रीचे आहे आणि त्यात व्रतस्थ पुरुष आधीच धरलेला आहे. वाक्यरचनेने त्याला नकाराची जागा ठेवलेली नाही.

५

तथापि या गाण्यातील सर्वांत सूक्ष्म गंमत संबोधनात आहे. किशोरी औदुंबराला कृष्णाच्या नावाने हाक मारते आणि त्याला लाजण्याचे कारण विचारते. गौळणीत कृष्णाला ‘तू’ म्हणण्याचा प्रघात आहे. गोपी त्याच्याशी भांडतात, त्याला चोर म्हणतात, त्याच्या खोड्या यशोदेला सांगतात, आणि हे सारे एकवचनी. येथे मात्र क्रियापद आदरार्थी बहुवचनी आहे. हाक गोकुळातली आणि क्रियापद शिकलेल्या मध्यमवर्गातले, जेथे होऊ घातलेल्या पतीला मुलगी ‘तुम्ही’ म्हणते. एकाच वाक्यात दोन समाज एकत्र आले आहेत. आणि ‘तुम्ही’ म्हणून आदर राखणारी ही मुलगी त्या आदरणीय पुरुषाला भित्रा ठरवीत आहे, म्हणून हसू येते.

त्यातच कथेची उलटापालटही आहे. यमुनेतील खेळ म्हटला की श्रोत्याला वस्त्रहरणाचा प्रसंग आठवतो. तेथे कृष्ण धीट आणि गोपी लाजऱ्या. येथे गोपी धीट आणि कृष्ण लाजरा. परंपरेचे सारे शब्द जागच्या जागी ठेवून फक्त भूमिका बदललेल्या आहेत. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या कवीचा हात येथे ओळखू येतो. विडंबनाची मूळ कृती हीच असते : भाषेचा वेष एक, प्रसंग दुसरा. त्या संग्रहात अत्र्यांनी गंभीर कवितेची भाषा क्षुद्र प्रसंगावर चढविली. येथे त्यांनी गौळणीची भाषा पोहण्याच्या पोशाखावर चढविली. फरक इतकाच की, संग्रहात हसू काव्याचे होते, येथे ते ब्रह्मचाऱ्याचे आहे. काव्य सुखरूप राहते.

मराठी बोलीत ‘सांगड’ असा एक शब्द आहे. वाळलेले भोपळे एकत्र बांधून त्यांच्या आधाराने नदी ओलांडावयाची, त्या साधनाला सांगड म्हणत. दोन वस्तू जोडण्याला ‘सांगड घालणे’ म्हणतात ते त्यावरूनच. ज्याला पोहता येत नाही त्यालाही सांगडीच्या आधाराने पार होता येते. किशोरीच्या नव्या वेषाला जुन्या भाषेने जे पार नेले, ते याच रीतीने.

६

ही सांगड अत्र्यांना आयती मिळाली होती. जलक्रीडा हा संस्कृत महाकाव्याचा मान्य विषय आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याची लक्षणे सांगताना तिचा अंतर्भाव केला. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या सोळाव्या सर्गात कुशाला अंतःपुरासह शरयूत उतरविले, भारवी आणि माघ या दोघांनीही आपापल्या काव्याचा आठवा सर्ग तिला दिला. मराठीत पैठणच्या एकनाथांनी गौळणीला भक्तीचे अधिष्ठान दिले, आणि तमाशाने तीच गौळण फडात उभी करून तिच्या आडून स्त्रीपुरुषांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याची सोय केली. देवाचे नाव घेतले की बोलणे चालते, हा करार मराठी प्रेक्षकाला चित्रपटापूर्वी कित्येक पिढ्या ठाऊक होता.

व्रत आणि शृंगार यांच्या झगड्याचाही आपल्याकडे जुना दाखला आहे. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर याने ‘शिशुपाळवध’ रचले, तेव्हा पंथातील ज्येष्ठ भावे देवव्यास यांनी ग्रंथाची वाखाणणी केली, पण हा ग्रंथ संसारातील शृंगारप्रिय माणसांना शोभणारा आहे, निवृत्त झालेल्यांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय दिल्याचे सांगतात. त्यानंतर भास्करभट्टाने भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली. व्रतस्थांच्या सभेत शृंगार वाचला गेला, तो आवडला, आणि म्हणूनच अडचण झाली. चौदाव्या शतकातील ही अडचण आणि १९३८ मधील औदुंबराची अडचण यांत जातीचा फरक नाही. फरक उत्तरात आहे. भास्करभट्टाने दुसरा ग्रंथ लिहून अडचण सोडविली. अत्र्यांनी अडचणीलाच चित्रपटाचा विषय केले आणि प्रेक्षकाला हसत हसत तिच्याकडे पाहावयास लावले.

म्हणून ‘ब्रह्मचारी’तील गाण्याला परदेशी नमुन्याची प्रत म्हणणे प्रकारदृष्ट्याही चुकीचे आहे. हॉलिवूडमध्ये देहाला क्रीडेचा परवाना मिळाला आणि भाषा बाजूला झाली. मराठीत भाषेने परवाना काढला आणि देह तिच्या मागोमाग आला.

७

या युक्तिवादाने गाण्याचे मोल वाढते, पण त्याची मर्यादाही त्यातूनच दिसते, आणि ती झाकून ठेवणे समीक्षेला शोभणार नाही. काढलेला परवाना फुकट मिळत नाही. किशोरीला हवे ते मागता आले, परंतु स्वतःच्या भाषेत मागता आले नाही. ‘पाण्यात या’ असे साधे, आजचे, तिच्या वयाच्या मुलीचे वाक्य गाण्यात नाही. यमुना, कृष्ण आणि ‘जळी’ ही सारी सामग्री मध्ये यावी लागली. शिवाय या गाण्यात पोहणे हे कौशल्य नाही, ते निमित्त आहे. एस्थर विल्यम्सच्या नायिका पोहून पोट भरतात. किशोरीचे पोहणे औदुंबराचे व्रत सुटले की संपते. चित्रपटाचे नाव पुरुषाकडेच का राहिले, याचे उत्तर येथे मिळते. आमंत्रण तिचे होते; कथा त्याची होती.

आजच्या भाषेकडे पाहिले तर हा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही असे दिसते. स्पर्धा जिंकणाऱ्या मुलीला वृत्तपत्रे अजून ‘जलपरी’ म्हणतात. तशाच विजयाबद्दल मुलाला ‘जलतरणपटू’ हा साधा व्यवसायवाचक शब्द पुरतो. ‘जल’ हे संस्कृत आणि ‘परी’ हे फारसी यांची ही सांगड किशोरीच्या यमुनेचीच वंशज आहे : पोहणाऱ्या स्त्रीला अजूनही थोडे अलौकिक केल्याखेरीज आपल्याला तिचे नाव घेता येत नाही.

आणि औसा? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीला ‘जलदूत’ असे नाव मिळाले. फलकावर ‘जल’ होते, घागरीत ‘पाणी’ होते. औशाच्या भुईकोट किल्ल्यात पाण्याच्या टाक्याखाली बांधलेले जे दालन आहे, ते पाहून येथे कोणा काळी पाण्याशी खेळण्याइतके पाणी होते याची कल्पना येते. त्या खेळाचा शब्द मात्र रोजच्या बोलण्यात उरलेला नाही. अशा ठिकाणचा विद्यार्थी जेव्हा ‘जळ’ हा शब्द वाचतो, तेव्हा त्याच्यापुढे पाणी येत नाही, कीर्तन येते. त्याची ही प्रतिक्रिया अज्ञानाची समजू नये. उलट १९३८ च्या प्रेक्षकाने त्या गाण्यात जे ऐकले असावे, ते तोच अचूक ऐकत असतो. पोशाख पाहून थांबणाऱ्या शहरी टीकाकारापेक्षा तो गाण्याच्या अधिक जवळ आहे.

चित्रपटांवरील प्रबंधांना आपल्या विभागांत आता जागा मिळू लागली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांत दृश्याची वर्णने पुष्कळ असतात, परंतु पात्रे कोणत्या विभक्तीत आणि कोणत्या वचनात बोलतात याची नोंद क्वचित आढळते. ‘ब्रह्मचारी’सारख्या हलक्याफुलक्या चित्रपटातील तीन शब्दांचे गीतनाव जर इतके सांगू शकते, तर त्या काळच्या इतर मराठी बोलपटांतील गीतेही याच दृष्टीने तपासून पाहावयास हवीत. मराठी विषयाच्या विद्यार्थ्याला हे काम परके नाही; व्याकरण त्याच्याजवळ आहे, आणि कानही आहेत.